कुंकवाची टिकली आणि एक जर्मन शब्द

जबलपुरात जर्मन कोणाला लागतं हो? दर दिवाळीला आमच्याकडे चकली मोडता मोडता कोणी ना कोणी हे विचारतंच. पूर्वी मी याचं लांबलचक उत्तर द्यायची. आता सरळ सांगते, मटारला लागतं. माणूस हसतो, दुसरी चकली उचलतो आणि विषय बदलतो. यंदा मात्र ठरवलं की एकदाचं सगळं नीट सांगून टाकायचं, कारण मटारचं खरंच आहे.

माझं माहेर नागपूरचं. बी.ए. झाल्यावर, लग्न जमेपर्यंत रिकामी काहून बसतेस, म्हणून वडिलांनी मला पुण्याला मावशीकडे धाडलं. मावशीच्या शेजारच्या इमारतीत जर्मनचा वर्ग चालायचा. तो संगीताचा असता तर मी आज गात असते, आणि शेजाऱ्यांचं काही खरं नव्हतं. मग लग्न होऊन इकडे जबलपूरच्या नेपियर टाउनला आले. इथे आल्यावर कळलं की या गावाच्या आसपास कारखाने पुष्कळ, आणि त्यांत जुनी जर्मन मशिनंही पुष्कळ. मशीन येतं, मशीनसोबत जाडजूड पुस्तक येतं, पण पुस्तक वाचणारा काही येत नाही. ते काम माझ्याकडे आलं. तीस वर्षं मी मशिनांची पुस्तकं जर्मनमधून हिंदीत आणली. दारावर पाटी कधी लावली नाही. ऑटोवाल्याला 'जर्मनवाली मैडम' म्हटलं की तो आणून सोडतो.

ज्यांनी अशी पुस्तकं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पहिला एक तृतीयांश भाग नुसत्या धमक्यांचा असतो. इथे बोट घालू नका, तिथे डोकं घालू नका, मशीन चालू असताना वर चढू नका. (चढतात. म्हणून तर लिहावं लागतं.) मग जोडणी, तेलपाणी, आणि सगळ्यात शेवटी बिघाड शोधण्याचं प्रकरण. त्यात एक तक्ता असतो: काय होतंय, कशाने होत असेल, काय करावं. आणि त्या तक्त्याच्या डोक्यावर, मशीन छपाईचं असो की लाकूड कापायचं, एक वाक्य ठरलेलं असतं. बिघाड शोधताना 'झिस्टेमाटिश' वागा.

या एका शब्दाने मला जितकं दमवलं तितकं सासूबाईंनीही नाही. शब्दकोशात पाहिलं तर पद्धतशीर, व्यवस्थित, शिस्तशीर, क्रमवार. चारही बरोबर, आणि चारही कुचकामी. कारण नीटनेटका माणूस झिस्टेमाटिश असेलच असं नाही, आणि दिवसभर घाम गाळणारा तर नक्कीच नसतो. बरं, हा शब्द चांगल्याच कामाला लागतो असंही नाही. जर्मन पेपरात कधी येतं की अमक्याने गिऱ्हाइकांना झिस्टेमाटिश फसवलं. म्हणजे चुकून नव्हे, ठरवून, एकेक पायरी चढत. हे मी एकदा चहा पिताना आमच्या ह्यांना समजावून सांगितलं. तेव्हापासून हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "चाळीस वर्षं ही मला झिस्टेमाटिश छळून राहिली." मी म्हणते, बाप्पा, त्याला आधी योजना करावी लागते. तुमच्यावर योजना करायला मला फुरसत कुठे होती?

मशिनांची कामं कमी झाली तशी मी नर्स मुलींना शिकवायला लागले. आता जर्मनीत नर्सेस पाहिजेत, आणि आमच्या नेपियर टाउनात तर पावलापावलावर क्लास. प्रत्येक मुलीच्या अर्जात एक वाक्य असायचंच की मी झिस्टेमाटिश काम करते. एकीने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. मीच उतरवून दिलं, खोटं कशाला बोलू. एकदा मुलाखत घेणाऱ्या जर्मन बाईने कॉम्प्युटरवरून विचारलं, उदाहरण द्या पाहू. एकीने सांगितलं, माझा युनिफॉर्म स्वच्छ असतो. दुसरीने सांगितलं, मी वेळेवर येते. तिसरी होती कुंडमच्या जंगलाकडची सुमंती. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तिने महुआची, म्हणजे आपल्या मोहाची, फुलं कशी वेचतात ते सांगितलं. आधी झाडाखालची जमीन झाडून साफ करायची, मग चौघींनी चार बाजूंनी वेचत वेचत खोडाकडे यायचं, आणि वेचून झालेल्या जागेवर कोणी परत पाय टाकायचा नाही. जर्मन बाई एवढी खूष झाली की तिने महुआ म्हणजे काय यावरच दहा मिनिटं घालवली. सुमंती आज तिकडे एका मोठ्या हॉस्पिटलात आहे. मी आठ दिवस 'माझी विद्यार्थिनी, माझी विद्यार्थिनी' करत मिरवले. तिला हे मी शिकवलं नव्हतं, ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. आणि तिच्याकडून मी स्वतः काही शिकले का, तर तेही नाही.

ते शिकायला मला सिहोऱ्याला जावं लागलं.

सिहोऱ्याच्या रस्त्यावर, आमच्याकडून गाडीने तासाभरावर, दुबेजींचा मटार गोठवून पिशव्यांत भरायचा कारखाना आहे. बारा वर्षांपूर्वी त्यांनी पिशव्या भरायचं एक जर्मन मशीन सेकंडहँड घेतलं, आणि त्याचं पुस्तक हिंदीत मीच केलं. मशीन काही अवघड नाही. वरून प्लास्टिकच्या फिल्मचा रोल उलगडत खाली येतो, एका नळीभोवती गुंडाळून त्याची लांब पिशवी होते, पाठीची शिवण आणि खालचं तोंड गरम जबड्यांनी दाबून चिकटतं, आत मटार पडतात, वरचं तोंड चिकटतं, पिशवी तुटून खाली येते. हे पुस्तक करताना काही आकृत्या मला कळेनात, तेव्हा ते मशीन बनवणाऱ्या कंपनीतल्या क्राउझे नावाच्या कारागिराशी पत्रव्यवहार झाला. ती कंपनी पुढे बंद पडली, क्राउझे रिटायर झाले, पण नव्या वर्षाचा निरोप चुकत नाही.

यंदाच्या जानेवारीत, ऐन हंगामात, सकाळी दहाला दुबेजींचा फोन. "मैडम, गाड़ी भेज रहा हूँ, बस आप आ जाइए. आपकी किताब फेल हो गई!"

फेल? माझं पुस्तक? मी पोळ्यांची कणीक तशीच झाकून ठेवली आणि निघाले. आमचे हे मागून ओरडले, "पोळ्या कोण करणार?" मी म्हटलं, "पुस्तक आहे ना, वाचून करा."

कारखान्याच्या दाराबाहेर मटारच्या गाड्यांची रांग लागलेली. फाटक उघडायला जो माणूस आला तो पन्नाशीचा, गळ्यात मफलर. मला ओळखून म्हणाला, "नमस्कार मॅडम. मी गजानन. मशीन आलं तवा तुमचं पुस्तक मलेच वाचून दाखोलं होतं तुम्ही."

आठवलं. आमच्या विदर्भाकडचाच, आजोबाच्या वेळेपासून इकडे आलेलं कुटुंब. मशीन चालवणारा हाच.

"अहो, पण तुम्ही फाटकावर काहून?"

"बसोलं." त्याने मान फिरवली. "तीन दिवसांपासून पिशव्या उघडून राहिल्या. मालक म्हणते, तूच बिघडोलं. संध्याकाळपासून येऊ नको म्हणाले. बारा हंगाम झाले जी त्या मशीनपाशी. आन आता चोरावानी फाटकावर उभा आहो."

"पण केलंत काय तुम्ही?"

"काहीच नाही केलं. त्याचाच त राग आहे त्यायले. मी म्हटलं, काहून हात लावता? आधी पाहू त द्या. त म्हणते, हा हातावर हात ठेवून बसला."

मला त्याचा चेहरा पाहवेना. आत गेले तर दुबेजी मशीनपाशी उभे, स्वेटरच्या बाह्या वर केलेल्या, डोळे लाल. मशीन पिशवी टाकायचं, दुबेजी ती उचलायचे, दोन बोटांनी ओढायचे, आणि पाठीची शिवण चेन उघडावी तशी उघडायची. मटार टणाटण फरशीवर. शीतघर भरलं होतं, म्हणून बाहेरच्या गाड्या आत येत नव्हत्या, आणि तोडलेला मटार वाट पाहत नाही, त्याची गोडी जाते.

"देखिए," दुबेजींनी भिंतीवर चिकटवलेलं पान दाखवलं. माझ्याच पुस्तकातलं, बिघाडाच्या तक्त्याचं. "इसमें सात इलाज लिखे हैं. हमने सातों कर डाले. एक भी नहीं छोड़ा."

"सातही? एकदम?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"हाँ जी, सात आदमी लगा दिए थे!"

सात माणसांनी सात नॉब फिरवले होते. एकाने उष्णता वाढवली, दुसऱ्याने दाब वाढवला, तिसऱ्याने वेग कमी केला, चौथ्याने फिल्मचा ताण सैल केला. मग काही फरक पडला नाही म्हणून ज्याने त्याने आपापला नॉब उलटा फिरवला, अंदाजाने. आपल्याकडे ताप आला की क्रोसिन, काढा आणि दृष्ट काढणं एकाच दुपारी होतं ना, तसं. उतरला तर कशाने उतरला, देव जाणे. नाही उतरला तर त्याहून कठीण.

मी ते पान वाचलं. तक्त्याच्या डोक्यावर माझं वाक्य होतं, 'दोष खोजते समय व्यवस्थित रहें.' आणि मला लख्ख आठवलं की ते मी कसं लिहिलं होतं. गॅसवर वरण होतं, शिट्टी होत होती, हे वाक्य तर नेहमीचंच, कोण वाचतंय, म्हणून 'व्यवस्थित' टाकून मी कुकर बंद करायला उठले होते. सात इलाज अगदी बरोबर उतरवले, आणि ते कसे वापरायचे हे सांगणारं एकच वाक्य होतं, ते मी वरणाच्या शिट्टीवर सोडून दिलं. दुबेजींनी काय चूक केली? व्यवस्थित राहा म्हटलं, ते राहिले. मशीन पुसून चकचकीत केलं होतं. आणि त्यापायी एक माणूस बाहेर फाटकावर उभा होता. खरं सांगते, मला माझीच भयंकर लाज वाटली.

मी क्राउझेंना फोन लावला. तिकडे सकाळचे सात. पडद्यावर ते आले, लोकरीचा कोट, समोर पाव आणि जॅम. दुबेजींनी फोनला हात जोडले. मी सगळं सांगितलं. सात माणसं, सात नॉब, हे ऐकल्यावर क्राउझेंनी सुरी खाली ठेवली.

"झिस्टेमाटिश, बिट्टे," म्हणाले, म्हणजे कृपा करून. "आधी मला सांगा, मशीन नीट चालत होतं तेव्हा नॉब कुठे होते?"

मी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. क्राउझेंनी उसासा टाकला. तो जर्मनमधला असला तरी भाषांतर करावं लागलं नाही.

नॉब त्यांना दिसावेत म्हणून मी फोन मशीनच्या पाटीजवळ नेला. आणि मला काहीतरी लाल दिसलं. चष्मा वर सरकवून बघितलं. प्रत्येक नॉबच्या कडेला कुंकवाची अर्धी टिकली होती. बाकीची अर्धी बाजूला पाटीवर. साठ वर्षं आरशासमोर कुंकू लावते आहे मी, टिकली पूर्ण कधी आणि सरकलेली कधी, ते मला कळतं. ह्या सरकलेल्या होत्या.

"ये कुमकुम किसने लगाया?"

"अरे, वो गजानन है ना," दुबेजी वैतागून म्हणाले, "पूजा-वूजा करता रहता है."

"बुलाइए उसको."

"मैडम, अभी पूजा का टाइम..."

"बुलाइए!" माझा आवाज असा चढला की पॅकिंगच्या बायका थांबून बघायला लागल्या.

गजानन आला, मफलर चाचपत. मी मराठीत विचारलं, "हे तुम्ही लावलं? कधी, कसं, सगळं सांगा."

"हंगामाची पहिली चांगली पिशवी निघाली का नारळ फोडतो," तो म्हणाला. "मंग कुंकू खोबरेल तेलात कालवतो, म्हंजे पुसल्यानं जात नाही. आन नॉबाले टिकली लावतो, अर्धी नॉबावर, अर्धी पाटीवर. देवाचंही होते, आपलंही होते. कोनी हलोलं त समजते."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"कोनाले सांगू? मशीनपाशी येऊच नाही दिलं ना. आन पूजेले त सारेच हासते."

मी हे क्राउझेंना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. त्यांच्या कारखान्यात म्हणे, पेच आवळून झाला की त्याच्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून रंगाची एक रेघ ओढायचे, अगदी ह्याच कामासाठी. त्यांच्या उस्तादाने त्यांना सतराव्या वर्षी कान पिळून शिकवली होती. "ह्या माणसाला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"आईनं," गजानन म्हणाला. "तेलाच्या बरणीले लावे ती. झाकण कोनी फिरोलं का, पाहाले."

मग काम सुरू झालं. गजाननने एकेक नॉब फिरवून टिकल्या जुळवल्या. सातही पूर्ण गोल झाल्या. मशीन चालू केलं. पिशवी पडली, दुबेजींनी ओढली, उघडली. मटार पुन्हा फरशीवर.

"हो गया कल्याण," दुबेजी मटकन स्टुलावर बसले. क्राउझे मात्र खूष. नॉबांचा दोष नाही हे आता नक्की झालं, म्हणाले. टिकली लावल्यानंतर काय बदललं?

गजानन विचारात पडला. "सोमवारी रोल बदलला जी. नवा लॉट. बाकी काहीच नाही."

"जुना रोल उरला आहे?"

होता. गजाननने जुन्या रोलचा बुडखा कागदात गुंडाळून मशीनमागे ठेवला होता. कशाला, विचारलं तर म्हणाला, असू द्याव. तो चढवला. पिशवी पडली. दुबेजींनी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग दातांनी. उघडली नाही.

आता उरली नवी फिल्म. क्राउझेंनी सांगितलं, तिचा एक तुकडा घडी घालून जबड्यात दाबा, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने. ह्या बाजूने नुसतं चिकटल्यासारखं, ओढताच सुटलं. त्या बाजूने घट्ट. अशा फिल्मची एकच बाजू गरम करून घट्ट चिकटते. रोल बनवणाऱ्याने नवा लॉट उलटा गुंडाळून पाठवला होता, आणि फिल्म साधी, पारदर्शक, छपाई नाही, त्यामुळे आत-बाहेर कळायची सोय नव्हती. गजाननने रोल उलट्या अंगाने चढवला. पहिली पिशवी, दुसरी, तिसरी. विसावी पिशवी दुबेजींनी जमिनीवर आपटून बघितली. पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर पहिल्या गाडीने हॉर्न दिला.

दुबेजी माणूस वाईट नाही. त्यांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "गजानन भैया, गलती मेरी थी. गुस्सा थूक दो. मशीन तुम्हारी है."

गजानन म्हणाला, "मेरी नहीं है मालिक. लेकिन हाथ मेरा ही लगेगा."

"चलो, मंजूर."

रोलवाल्याशी भांडायला लेखी काहीतरी हवं, म्हणून दुबेजींनी क्राउझेंकडून अहवाल मागवला. तासाभरात आला. काय झालं, काय तपासलं, काय सापडलं. आणि सगळ्यात खाली, कोणी मागितलेलं नसताना, एक वाक्य: मशीन चालवणारे श्री. गजानन झिस्टेमाटिश काम करतात.

मी ते मोठ्याने वाचलं. गजानन जवळ आला. "मॅडम, हे मले मराठीत लिहून द्या. घरी लावीन. पोरायले मराठी बोलता येत नाही धड, पण भितीवर त असली पाहिजे."

दुबेजींनी कोरा कागद दिला. मी पेन उघडलं आणि लिहिलं, 'श्री. गजानन हे...' आणि अडकले. पद्धतशीर? शिस्तबद्ध? व्यवस्थित तर मेले तरी लिहिणार नव्हते. तीस वर्षं ह्या शब्दाच्या जिवावर पोट भरलं, शंभर पुस्तकांत तो ओलांडला, आणि समोर तो माणूस वाट पाहत उभा असताना मला एक शब्द सापडेना. डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं.

"काय झालं जी?" गजानन म्हणाला. "अवघड आहे काय?"

"अवघड नाही हो. तुम्ही जे करता ना, त्याला मराठीत काय म्हणू तेच समजत नाही."

"त्यात काय," तो म्हणाला. "लिवा ना, हात लावाच्या आधी पाहते."

मी तेच लिहिलं. 'श्री. गजानन हात लावायच्या आधी पाहतात.' खाली सही केली, तारीख घातली. मग भिंतीवरच्या पानापाशी गेले, माझ्या जुन्या वाक्यावर काट मारली आणि वर लिहिलं, 'हाथ लगाने से पहले देखो. एक बार में एक ही चीज़.' बारा वर्षं उशीर झाला होता, पण झालं. घरी पोचले तर ह्यांनी खरंच पोळ्या केल्या होत्या. त्यांच्याबद्दल इथे लिहिणार नाही असं वचन दिलं आहे.

गुढीपाडव्याला गजाननने घरी जेवायला बोलावलं. आम्ही दोघं सिहोऱ्याला गेलो. श्रीखंड-पुरी झाली. समोरच्या भिंतीवर तो कागद काचेच्या फ्रेममध्ये लावलेला होता. जवळ जाऊन पाहिलं तर फ्रेमच्या कोपऱ्याशी कुंकवाची टिकली. अर्धी फ्रेमवर, अर्धी भिंतीवर.

मी गजाननच्या बायकोला विचारलं, "हे कोणी लावलं हो?"

"मी लावलं जी," ती वाढता वाढता म्हणाली. "हे पोट्टे घरातच क्रिकेट खेळते. हलली त समजाले पाहिजे ना."